बोरीचं करडईचं तेल

एसटी येऊन उभी राहिली तरी मायचं बांधणं संपलं नव्हतं. करडईच्या तेलाची एक बाटली, तिला आधी प्लास्टिकची पिशवी, मग जुन्या लुगड्याचा तुकडा, वरून सुतळी. कंडक्टर घंटी मारतोय, मी रडकुंडीला आलेली आणि ही आपली गाठीवर गाठ मारायलीय.

"अगं माय, पुण्यात मिळतं की तेल."

"मिळत आसंल. आपलं न्हाई मिळत." बस हलल्यावर खिडकीबरोबर चालत ती म्हणाली, "लते, त्याल लावताना हात आखडू नको."

दुसऱ्यांच्या आया लेकींना पोटभर जेव म्हणतात, जपून राहा म्हणतात. माझ्या मायला हेच सुचलं.

परभणीहून रेल्वेत बसले आणि एवढ्या गाठी मारूनही तेल पाझरलं. समोरच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यात पोचल्या पोचल्या मी ती बाटली मोरीत बादलीमागं लपवली आणि दोन महिने तिच्याकडं बघितलं नाही. आज लाज वाटते ती माझी वाटते, तेलाची नाही.

गावात राहिलेल्यांना करडई काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुमच्या लेकरांनी ती कधी पाहिलीय का? अंगभर काटे. काढणीला आमच्या बाया हाताला चिंध्या आणि पायाला पोत्याचे तुकडे बांधून जातात, तरी ओरखडे यायचे ते येतातच. काढणी झाली की सगळ्याजणी आमच्या ओट्यावर बसायच्या आणि त्याच करडईचं तेल त्या हातांना लावायच्या. रीत अशी की आपलं आपण लावायचं नाही. शेजारणीनं लावायचं, तेही तळहात भरून. कुणी जरा थेंबाथेंबानं लावलं की माय ओरडायची, "काय करायलीस गं, मीठ टाकायलीस का?"

ही सवय घेऊन मी कामाला लागले ती एका मॅडमकडं. त्यांच्या फ्लॅटमध्ये साबण, क्रीम, चेहऱ्याची तेलं बनायची. सगळं नॅचरल, सगळ्यावर पानाचं चित्र. कपाटात इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे कडक अर्काच्या, बोटभर बाटल्या. त्यातल्या लेमनग्रासचा वास घेतला, तर आपला गवती चहा! न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला, जन्मभर चहात टाकलेला. त्याला काय भ्यायचं? मॅडम म्हणाल्या, "लता, जरा लावून बघ गं." कसं लावायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मायच्या रीतीनं अर्धी बाटली तळहातावर ओतली आणि दोन्ही हातांना, मानेला चोळली.

मिनिटभरात अंगाची नुसती आग झाली. नळाखाली हात धरले तर आग आणखी पसरली. मॅडम धावत आल्या. "अगं, ते कुणी नुसतं लावतं का? कॅरियर ऑइलमध्ये डायल्यूट करतात! तुम्ही गावाकडची माणसं ना..." पुढचं त्यांनी गिळलं, पण मला ऐकू आलं.

मला खोलीवर पाठवलं. रिक्षात रडले, मोरीत शिरले आणि बादलीमागची बाटली काढली. माय जवळ नव्हती, तिचं तेल होतं. ओतलं, चोळलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा ओतलं. हळूहळू आग उतरली. असला अर्क पाण्यानं जात नाही, तो दुसऱ्या तेलातच उतरतो, हे मला नंतर कळलं. मॅडमच्या कपाटात बदामाचं तेल होतं, पण ते द्यायचं त्यांनाही सुचलं नाही. अर्क ज्यात मिसळायचा त्या साध्या तेलाचा कॅरियर ऑइल म्हणून एवढा थाट, आणि ते आमच्या मोरीत धूळ खात होतं!

मग मी ईर्ष्येनं शिकले. चेहऱ्याला लावायचं तर दोन चमचे तेलाला अर्काचा एकच थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं, एक दिवस थांबायचं, मग पुढं. माय चुकली नव्हती. साध्या तेलाला हात आखडायचा नाही, अर्काला आखडायचा.

मायचं तेल मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "शी, फोडणीचा वास येतो." काही महिन्यांनी त्यांनीच बाहेरदेशाहून एक बाटली मागवली. "सॅफ्लॉवर ऑइल. स्किनला एकदम लाइट." मी वास घेतला आणि हसायलाच लागले. "मॅडम, ही करडई हाय!" एवढे दिवस जपून बोलत होते, तो 'हाय' सुटलाच तोंडातून. सुटू दे.

तेव्हापासून बोरीहून डबे यायला लागले. माय स्वतः घाण्यावर उभी राहून तेल काढून घ्यायची. माझं मिश्रण लोकांना आवडलं आणि एक दिवस नवं लेबल छापून आलं. वर सॅफ्लॉवर, खाली जांभळ्या फुलांचा कुठलातरी परदेशी मळा. करडईचं फूल पिवळं-केशरी असतं हो!

"मॅडम, करडई लिहा. बोरी, जिल्हा परभणी लिहा."

त्या हसल्या. "लता, परभणी म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो. दुष्काळ कुणी तोंडाला लावतं का?"

भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? ही नोकरी गेली तर खोली सुटणार, खोली सुटली की परत गाव, आणि गावात चार जणी म्हणणार, आली बघा हात हलवत. तरी मी बोलले. "आठवू द्या. पाऊस दगा देतो तेव्हा बाकीची पिकं माना टाकतात, करडई खोल मूळ धरून उभी राहते. जिच्या हाताला काटे लागले तिचं गाव खोडून तेल विकायचं असेल, तर माझा डबा परत द्या."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी डबा उचलला, कडेवर घेतला आणि तीन मजले उतरले.

खालूनच मायला फोन लावला. वाटलं, आता शिव्या बसणार. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याल सांडलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग काय गेलं?"

खरंच काय गेलं होतं? आता मी माझ्या खोलीतच तेल बनवते. लेबल मराठीत आहे, त्यावर पिवळं फूल आहे आणि गावाचं नाव सगळ्यात मोठं. कुणी विचारलं, बोरी कुठं आली, की मी अख्खा रस्ता सांगते. ज्याला नाक मुरडायचंय त्यानं खुशाल मुरडावं.

यंदा काढणीनंतर पहिली बाटली घेऊन गेले. मायनं ती उलटीपालटी करून पाहिली. "एवढुशी? आन् हे ड्रॉपर कशाला? डोळ्यात घालायचं औषध हाय का?" झाकण बाजूला ठेवून तिनं सगळी बाटली तळहातावर रिकामी केली आणि माझे हात ओढून घेतले. तेव्हा लक्षात आलं, घर सोडल्यापासून दुसऱ्या कुणी माझ्या हाताला तेल लावलंच नव्हतं. रोज शंभर जणांसाठी तेल बनवणारी मी, माझं मीच लावत होते. मी ओट्यावर बसून मोकळी रडले. ती चोळत राहिली.

मग तिनं आपले तेलकट हात पदराला घसाघसा पुसले, लेबलाला डाग लागू नये म्हणून. रिकामी बाटली उचलली, एकेका अक्षरावर बोट ठेवून 'बोरी' वाचलं आणि ती खिडकीत ठेवली, नाव रस्त्याकडं करून.