लालसर देठाची भुईआवळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही, नवऱ्याजवळही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित सांगता येतंय.

रत्नागिरीत एमएस्सी करत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. विषय होता भुईआवळी — आपल्याकडे काविळीवर ताकातून देतात, ती. तिच्यात लिग्नन नावाची द्रव्यं असतात. ती यकृताला खरंच जपतात का, हे अजून तपासलं जातंय. मला त्यातलं एक द्रव्य वेगळं काढायचं होतं. रोपं स्वतःच्या हाताने, ओळखून गोळा कर, असं माझ्या गाईड मॅडमनी बजावलं होतं.

मी गेले नाही. अभ्यास होता... खरं म्हणजे कंटाळा होता. आईला फोन केला. ती पावसला एका बागायतदाराकडे कामाला जायची. तिने विचारलं, "बाय, लाल देठाची पन हाय हितं. ती चालंल काय?"

"कुठलीपण आण गं, सगळी सारखीच."

सारखी नव्हती. आईने मुळांची माती झटकून, जुन्या लुगड्यावर पसरून, सावलीत वाळवून पाठवली. मी न बघता दळली. द्रव्य निघेना. शेवटी मॅडमनी उरलेली रोपं टेबलावर पसरली. बहुतेक सगळी लाल देठाची — दुसऱ्याच जातीची, जिच्यात ते द्रव्य जवळजवळ नसतंच. सगळं काम वाया.

"ही तू आणलीस?"

आणि दारात आई. रोपांची दुसरी पिशवी घेऊन, घामाघूम. मी काय म्हणायला हवं होतं?

मी म्हटलं, "नाही मॅडम, ह्या बाईंनी. बागेत मजूर आहेत. सांगूनही कळलं नाही त्यांना."

मजूर तर ती होतीच ना? — हे मी स्वतःला किती वर्षं ऐकवलं. पण सांगितलं काय होतं मी तिला? विचारलं तर तिनेच होतं.

आईने पिशवी खाली ठेवली. "चुकलं माजं, मॅडम," ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, तशाच आवाजात — "चुकलं हो, मॅडम."

पुढे मी स्वतः जाऊन रोपं आणली. पदवी मिळाली, आज शिकवते. आई शेजारणींना सांगते, माझ्या बायने झाडातलं औषध काढलं. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.

त्या दुपारी ती एकटीच स्टँडकडे चालत गेली. मला वरच्या खिडकीतून दिसत होती. मी हाक मारली नाही.