जिवाणी आणि भिंग

गेल्या रविवारी आमच्या मंगरूळपीरच्या घरात ट्रिपचा नुसता गोंधळ होता. कोकणात जायचं... आमची अन्वी पहिल्यांदा समुद्र बघणार! म्हटलं, लेकीला सुट्टीचं काहीतरी छान गिफ्ट द्यावं.

ह्यांचं म्हणणं, टॅब घेऊ. म्हणजे पोरगी समुद्राकडे पाठ करून गेम खेळणार! मुंगी, पीस, खडा... दिसेल ते डोळ्याजवळ नेणारी आमची पोर. मी सरळ एक भिंग आणलं, चांगलं दांडीचं. बघ म्हटलं वाळू, बघ शिंपले.

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अवं, हे का गिफ्ट हाये का?"

आता सासूबाईंचं सांगते. आम्ही जैन, पाणी गाळून पिणारी माणसं. आई अजूनही अंगणातल्या विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळतात, मग ते कापड उलटं करून वाटीत धुतात आणि ते पाणी अलगद विहिरीत परत सोडतात. कापडात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. गुडघे कुरकुरतात, तरी रोज.

आणि ह्यांचं रोजचं पालुपद... "आई, कायले करतं व हे? काई नसते त्याच्यात. ट्रिपवरून आलो का विहीर झाकतो, पाणी साफ करायचं मशीनच लावतो."

त्या दिवशी कापड वाटीत धुता धुता आई हळूच म्हणाल्या, "झाक बापा. मले तरी कुठी दिसले कधी?"

जन्मभराचा नेम, आणि आता त्यांचाच विश्वास डळमळायला लागला होता.

एवढ्यात अन्वीबाई भिंग घेऊन त्या वाटीवर वाकल्या. ऊन थेट पाण्यात पडलं होतं. आणि एकदम किंचाळली, "आजी! हे हालून राह्यलं!"

मी धावले. मोहरीहून बारीक, आरपार दिसणारं काहीतरी... आणि चक्क उड्या मारत होतं! एक, मग दुसरं, मग कितीतरी.

आईंनी भिंग घेतलं. बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "हायेत व माय... खरंच हायेत. इतकी वर्सं न पाह्यताच सोडत होती मी यायले."

आणि त्यांनी वाटीला हात जोडले. माझेही आपोआप जोडले गेले.

हे पुढे आले, वाकून बघितलं. मग म्हणाले, "दे आई, मी सोडतो." झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसं त्यांनी ते पाणी विहिरीत सोडलं.

विहीर झाकायचा विषय परत निघाला नाही. उलट ट्रिपच्या बॅगेत सगळ्यात आधी गाळायचं कापड ह्यांनीच ठेवलं... आई विसरतील म्हणून!

वाटीभर पाण्यापुढे आमचं अख्खं घर थक्क होऊन उभं राहिलं... आणि समुद्र तर अजून बघायचाच आहे!