आबांचा आवाज

माझा आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत प्रार्थना म्हणायला मला कधी पुढे उभं केलं नाही, आणि बघायला आलेले पाहुणे मी तोंड उघडलं की एकमेकांकडे बघायचे. नकला मात्र मला झकास जमायच्या. मास्तर, एसटीचा कंडक्टर, बाजारातली बांगडीवाली, आणि सगळ्यांत हुबेहूब म्हणजे आमच्या गावचे आबा. पुढे लग्न होऊन जळगावकडच्या केळीवाल्यांच्या घरात आले. माहेरी बाजरी, सासरी केळी. माझ्या अहिराणीला हसण्यात सासरच्यांची दोन वर्षं मजेत गेली. त्याच अहिराणीनं आणि त्याच घोगऱ्या आवाजानं मला काम मिळवून दिलं. जळगावात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानामागे एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिथे आम्ही परक्या सिनेमांचे तुकडे अहिराणीत बोलून मोबाइलवर टाकतो. पुरुषांचे निम्मे आवाज माझेच असतात. शेजारचं छपाईचं मशीन सुरू झालं की रेकॉर्डिंग थांबवायचं आणि चहा प्यायचा.

एकदा एका संस्थेकडून मोठं काम आलं. कामधंद्यासाठी बाहेर जाणाऱ्या लोकांची ती संस्था. त्यांना हिऱ्यांवरचा एक परदेशी सिनेमा साक्रीकडच्या गावांत दाखवायचा होता, आणि तो लोकांच्या बोलीत हवा होता. आम्ही आधी तो नुसता बघायला बसलो. आफ्रिकेतला लढाईचा मुलूख. बंदूकवाले लोकांना दिवसभर नदीत उभं करून वाळू चाळायला लावतात, निघालेले खडे विकतात आणि त्यातून आणखी बंदुका घेतात. ते खडे घ्यायला एक व्यापारी येतो. घडीचं टेबल मांडतो, त्यावर पांढरा कागद पसरतो आणि सगळ्यांशी घरच्यासारखा बोलतो. कुणावर कधी ओरडत नाही. अर्धा सिनेमा झाल्यावर एका मजुरावर खडा गिळल्याचा आळ येतो. त्याला खोलीत कोंडतात आणि पोट साफ होईपर्यंत बाहेर पहारा बसवतात. तिथे मी हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर मशीनजवळ जाऊन उभी राहिले.

माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं होतं.

आबा दरवर्षी गावातल्या चार-पाच जणांना सुरतेला हिरे घासायच्या कारखान्यात लावून द्यायचे. आधी घसा खाकरायचे, मग समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आयक. घाबरू नको. मालक आपलाच शे." भाऊ गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचा हात मुळातच हलका, नजर बारीक. वर्षभरात तो चांगला तयार झाला. त्याच्या कार्डावर हुद्दा छापला होता, रत्नकलाकार. सुट्टीत आला की आई ते कार्ड गल्लीभर दाखवत फिरायची, आणि तो लाजून मागच्या दारानं निघून जायचा.

एके दिवशी त्याला घासायला दिलेल्या हिऱ्यांच्या कागदी पुडीत एक खडा कमी भरला. खडा गिळला म्हणून त्याला वरच्या खोलीत कोंडलं. दोन दिवस एरंडेल आणि केळी, केळी आणि एरंडेल. कोपऱ्यात बादली, आणि ती तपासायला दोन माणसं. आबांना बोलावून दाराबाहेर खुर्चीवर बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी भावाला आतून ऐकू आलं, कुणीतरी गुजरातीत ओरडलं, "मळी गयो!" म्हणजे सापडला, आणि मागून हसणं. खडा पुडीच्याच घडीत अडकला होता. त्यांनी दार उघडलं आणि भावाला पिशवी उचलायला सांगितलं. पण तोवर त्याचा फोटो, वर 'चोर' असं लिहून, साऱ्या कारखान्यांच्या मोबाइलवर फिरला होता आणि तिथून आमच्या गावातही पोचला होता. खडा सापडला, हे मात्र कुणीच कुणाला पाठवलं नाही.

सुरतवाल्यांचा मला संताप आहेच. पण ते परके. आबा भावाला एसटीनं घेऊन आले आणि पारावर दहा जणांत म्हणाले, "पोऱ्यानी जराशी चूक कयी. मी मिटाडी टाकं." एवढंच. झालं, आबा पोराला पोलिसांपासून वाचवणारे देवमाणूस ठरले आणि भाऊ कायमचा चोर. पारोळ्याकडे ठरत आलेली त्याची सोयरीक मोडली. सुरुवातीला तो प्रत्येकाला खरं काय ते सांगायचा. लोक 'हो हो' म्हणायचे, तेव्हापासून त्यानं सांगणंच सोडलं. बाजाराच्या दिवशी तो घराबाहेर पडत नाही. माझ्याकडे आला तर बागांच्या बाजूला फिरकत नाही, केळीच्या वासानं त्याला मळमळतं, आणि सासरचे म्हणतात, तुझा भाऊ फार शिष्ट. खडा सापडला हे माहीत असलेला गावात दुसरा एकच माणूस होता, आबा. त्यांनी ते एकदा आपल्या तोंडानं गावापुढे बोलावं, एवढंच मला हवं होतं. आठ वर्षं मी दुसरं काही मागितलं नाही. राग इतका, तरी तोंडात 'आबा' आणि 'तुम्ही'च येतं, याचाही मला राग येतो.

तर त्या सिनेमातला व्यापारी मी मागून घेतला. माइकपुढे उभी राहिले, घसा खाकरला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आयक. घाबरू नको. मालक आपलाच शे." मूळ सिनेमात तो असलं काही बोलत नव्हता, पण ओठ बरोबर जुळले. रेकॉर्डिंग करणारा हसून हसून लाल झाला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. खडा गिळल्याच्या प्रसंगात व्यापारी त्या मजुराच्या बायकोशी दोन शब्द बोलतो. तिथे मी घातलं, "पोऱ्यानी जराशी चूक कयी. मी मिटाडी टाकं." मग संस्थेच्या बाईंना गळ घालून माझ्या माहेरच्या गावाचं नाव यादीत पहिलं लावून घेतलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात खिडक्यांना सतरंज्या लावून सिनेमा दाखवला. आबा पुढच्या खुर्चीवर, मी मागे भिंतीला टेकून. व्यापाऱ्यानं तोंड उघडलं आणि वर्गात हशा पिकला. एक जण ओरडला, "आबा, तुम्ही पिच्चरमा कव्हय गयात?" आबाही हसले. मग ती खोली आली, तो पहारा आला, आणि ते दुसरं वाक्य. हसणं थांबलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं, "आबा, हाई तर तुम्हनं बोलनं शे." आबा उठले, खुर्ची आडवी झाली, आणि ते धोतर सावरत बाहेर पडले. मला काय वाटलं? गार वाटलं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यात गावानं त्यांचं नाव 'व्यापारी' ठेवलं. सिनेमातला आवाज माझा, हे कळायला गावाला वेळ लागला नाही. आबा दिसले की पोरंसोरं घसा खाकरायची. सुरतेला जायला त्या वर्षी त्यांच्याकडे कुणी गेलं नाही.

महिन्याभरात आबा जळगावला, त्या गाद्यांच्या खोलीत, हातात नागलीच्या पापडांची पिशवी घेऊन हजर. "बेटा, मन्हा आवाज काढी टाक. लोके हसतस." सिनेमा अजून पुष्कळ गावांत जायचा होता. मी म्हटलं, काढते. आजच काढते. पण आधी या माइकपुढे बसा आणि तिसऱ्या दिवशी काय झालं ते बोला. त्यांनी पापडांची पिशवी गादीला टेकवून ठेवली. मग मान खाली घालून एका दमात बोलून गेले, "तिसरे दिन खडा सापडी गया. पुडीनी घडीमा व्हता. पोऱ्यानी चोरी कयी नही. माले माहीत व्हतं."

रेकॉर्डिंगवाल्यानं अंगठा वर केला. झालं, छान आलं. पण माझं कुठे झालं होतं? मी म्हटलं, "आबा, नीट ऐकू आलं नाही. माइकजवळ सरका." दुसऱ्यांदा म्हटलं, "मान वर करून बोला." तिसऱ्यांदा म्हटलं, "'चोरी'वर जरा जोर द्या, शब्द खाऊ नका." ते घामाघूम झाले होते आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. चौथ्या वेळी त्यांनी एकेक शब्द सुटा सुटा करून, ठणठणीत आवाजात म्हटला. तो मी ठेवला. आधीचे तीन पुसायला लावले. दिलेला शब्दही पाळला, व्यापाऱ्याचा आवाज दुसऱ्याकडून करून घेतला.

पुढच्या बाजाराला मी गावात गेले. कटपीसवाल्याला सांगून मोबाइल त्याच्या भोंग्याला जोडला आणि लावलं. आबांचा आवाज बाजारभर घुमला. लोक थांबले, ऐकू लागले, आणि मग टाळ्या पडल्या. "भलता हुबेहूब शे!" मी ओरडून सांगत होते, ही नक्कल नाही, हे आबाच आहेत, विचारा त्यांना. आबा चहाच्या टपरीवर बसले होते. ते खदाखदा हसले आणि म्हणाले, "पोर भलती कलाकार शे. मन्हापेक्षा मन्हा आवाज तिलेच जमस." सगळे हसले. मी भाजीच्या पाट्या ओलांडत त्यांच्या अंगावर धावून गेले, दोन बायकांनी मला धरलं. आबांनी कपातला चहा संपवला आणि खांद्यावर उपरणं टाकून सावकाश घराकडे गेले.

भाऊ घरामागे बाजरीची कणसं निवडत बसला होता. भोंगा त्याला तिथे ऐकू आलाच होता, तरी मी मोबाइल त्याच्या कानाशी धरला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. म्हणाला, "अक्का, परत लाव." मी परत लावलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मला वाटलं, आता. आता तो उठेल, बाजारात जाईल.

त्यानं डोळे उघडले. "आबा 'चोरी' म्हनतांना असा जोर देत नही," तो म्हणाला. "आबा तो शब्द गिळी जातस. हाऊ आवाज तुन्हा शे, अक्का."

मी आईची शपथ घेतली. देवाची घेतली. त्यानं माझा हात थोपटला, जसं आजारी माणसाला थोपटतात, आणि पुन्हा कणसं निवडायला लागला. पहिल्या टेकमध्ये आबा मान खाली घालून, भरभर, तो शब्द गिळतच बोलले होते. तो मीच पुसायला लावला, कारण मला त्यांना ते आणखी तीनदा बोलताना बघायचं होतं.