मागे न घेतलेले वाक्य

फादर इग्नेशियस शेळके यांचा आणि माझा प्रथम परिचय नवीन जालन्यातील आमच्या महाविद्यालयात झाला. तत्त्वज्ञान विभागाच्या चर्चासत्रास ते श्रोते म्हणून आले होते. मी परिचय विचारला, तेव्हा ते म्हणाले, "शिकवायची मनाई असलेला मास्तर."

धर्मगुरू घडविणाऱ्या सेमिनरीत ते तत्त्वज्ञान शिकवीत असत. त्यांच्या पुस्तकातील एक वाक्य चर्चने सदोष ठरविले आणि त्यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेतला. ते वाक्य असे : 'बाप्तिस्मा न झालेल्या माणसाच्या चांगुलपणात देवाची कृपा तसूभरही उणी नसते.' फादरांच्या पंचाहत्तरीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीतील काही स्नेह्यांनी या लेखात हा विषय टाळण्यास सुचविले. तो टाळून फादरांचा गौरव करता येईल, असे मला वाटत नाही.

भोकरदन तालुक्यातील एका लहान चर्चमध्ये त्यांची रवानगी झाली. आज्ञा त्यांनी कसोशीने पाळली. माझा एक विद्यार्थी त्या पुस्तकाविषयी विचारू लागला, तेव्हा ते म्हणाले, "त्याच्यावर बोलायची मनाई हाय बाबा. चहा घे, चहावर बंदी न्हाई." वाक्य मात्र त्यांनी मागे घेतले नाही.

गेल्या वर्षी वरिष्ठांचा निरोप आला : तेवढे एक वाक्य मागे घ्यावे, अध्यापनाचा अधिकार परत मिळेल. शिकविणे हाच फादरांचा प्राण. त्याच सुमारास माझी पत्नी शकुंतला रुग्णालयात अखेरचे दिवस मोजीत होती. भेटीस आलेल्या फादरांनी तो निरोप सांगताच ती हसली.

"फादर, आम्ही बौद्ध. आमच्यात देव न्हाई. पण असलाच, तर माझी सोय तेवढ्या त्या वाक्यात हाय. मागं घेऊ नका."

"बाई, तुम्ही तर बिशपांपेक्षा कडक निघाल्या," फादर म्हणाले.

शकुंतला गेली. फादरांनी नकार कळविला.

नोव्हेंबरात, मृत भाविकांच्या दिवशी, ख्रिस्ती कुटुंबे आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. फादरांनी मला आपल्या चर्चच्या दफनभूमीत बोलावले आणि थडग्यांच्या ओळीत, मोकळ्या मातीवर, एक मेणबत्ती लावली. शकुंतलेच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मार्थाबाईंनी हटकले, "फादर, हितं तर कुणालाच पुरलं न्हाई. मंग ही कुणाची?"

"शकुंतलाबाईंची."

"त्यांचं तर दहन झालं ना? अन् त्या आपल्यातल्या न्हाईत."

"म्हणून तर जागा केली, मावशे."

वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून मार्थाबाईंनी पदर आडवा धरला.

फादर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. अधिकार परत मिळालेला नाही. वाक्य जागेवर आहे. त्यांचे गुडघे दुखतात, मातीवर टेकविल्यावर उठणे कठीण जाते. त्यांना उत्तम आरोग्य लाभो आणि असे पुष्कळ नोव्हेंबर त्यांच्या वाट्यास येवोत. उठताना हात देण्यास मी दरवर्षी तेथे असेन.