बा शुद्धीवर येईपर्यंत

अक्का, आम्ही गाव सोडलं तेव्हा आपली वस्ती अजून धुमसत होती. मेलेलं जनावर ओढायला बाने नकार दिला, म्हणून वरच्या आळीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. बाहेरून कडी घालून त्यांनी छप्पर पेटवलं. बाने मागचा कूड लाथांनी फोडला आणि आधी मायला बाहेर ढकललं, मग माझे केस धरून मला ओढलं. तुझं सासर पलीकडच्या टोकाला, म्हणून ते वाचलं. उजाडल्यावर तू आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आलीस. एस.टी. हलली तरी बा गावाकडे पाठ करूनच बसला होता.

कांजूरमार्गला पत्र्याची खोली मिळाली. शेजारी मालवणकडची पारूकाकी. तिचा नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरीच. बा घाटकोपरला हमाली करू लागला. मी टायपिंग शिकले आणि मुलुंडच्या एका कंपनीत टेलिफोनवर बसले. दिवसभर ‘हॅलो, गुड मॉर्निंग’ म्हणायचं. आम्ही कुठून आलो, का आलो, हे कुणाला सांगायचं नाही, ही मायची सक्त ताकीद होती.

मग बाला धाप लागायला लागली. हृदयाचा व्हॉल्व्ह खराब झाला होता, ऑपरेशन करायचं ठरलं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. दारू पितात का, झोप नीट लागते का, चष्म्याशिवाय दिसतं का, असं विचारत गेल्या. शेवटी म्हणाल्या, “आधी कधी तापात बरळले होते?”

“टायफॉइडमध्ये. ‘आग, आग’ ओरडत होते. मायला भिंतीवर आपटलं होतं.”

“कसली आग?”

मायने मला चिमटा काढला. तरी मी सगळं सांगितलं. मुंबईत पहिल्यांदाच.

बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “अशा ऑपरेशननंतर काही पेशंट भ्रमात जातात. कोण जाईल, छातीठोक सांगता येत नाही. पण ज्याला आधी झालंय त्याला धोका जास्त. तुझ्या वडिलांना होईल असं मला वाटतं. तेव्हा तू जवळ हवीस. मी परवानगी काढते.”

ऑपरेशन चांगलं झालं. श्वासाची नळी काढल्यावर बा माझ्याशी दोन शब्द बोललासुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याचे डोळे फिरले. त्याने सलाईनची सुई उपटली. सिस्टर धावली, तर तिच्या पोटात लाथ घातली. काचेची बाटली लोखंडी खाटेवर आपटून फोडली आणि तो तुकडा परजत ओरडला, “माझ्या पोरीला हात लावाल तर एकेकाला फाडीन!”

वॉर्डबॉयने मागून धरलं, तर त्याच्या मनगटाला कडकडून चावला. बाच्या हातातून रक्त गळतंय, छातीची पट्टी लाल झालीय. मी पुढे झाले. त्याने एक ठोसा मारून माझा ओठ फोडला, केस धरले आणि मला खिडकीकडे फरफटत नेलं. खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती, अक्का.

“बा, मी सुमन! आग विझली. आपण मुंबईत आहोत, दवाखान्यात!”

मी तेच तेच ओरडत राहिले. खिडकीशी तो एक क्षण घुटमळला, तेवढ्यात चौघांनी त्याला पाडलं. बाईंनी सुई टोचली. मग त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवून मला म्हणाल्या, “तुझा चेहरा नीट दिसू दे त्यांना. बोलत राहा. थांबू नकोस.”

छातीचे टाके टिकले. बा हळूहळू निवळला. एका सकाळी माझं तोंड बघून म्हणाला, “कुनी मारलं गं तुला?”

“तूच, बा.”

“म्या तर तुला आगीतून काढत होतो.”

“ठाऊक आहे मला.”

घरी आल्यावर पारूकाकी पेज घेऊन आली, तेवढ्यात बा ‘आग, आग’ ओरडत जागा झाला. कसली आग दिसली ह्यांना, असं तिने विचारलं. मी मायकडे पाहिलं. मायच बोलली. गाव, जात, कडी, सगळं. पारूकाकीने पातेलं खाली ठेवलं. “इतकी वर्सां सांगलंस कित्याक नाय गो?” एवढंच म्हणाली आणि बाला स्वतःच्या हाताने पेज भरवायला बसली.

गाव आता निवलंय, परत या, असा तुझा निरोप आला. तुला भेटायला येईन, तुझ्या हातची भाकर खाईन. पण बाला तिथं पुन्हा निजवणार नाही. तो अजूनही झोपेत दचकून ओरडतो. मग पत्र्यापलीकडून पारूकाकी हाक घालते, “भावोजी, बरे आसात मा?” बा म्हणतो, “हाय, हाय,” आणि कूस बदलतो. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.