मामांच्या परग्रहाची भाषा

माती मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी खाल्लीय, पण आष्ट्यात जी खाल्ली ना, ती आता काय सांगू तुम्हाला! चहा घ्या, आणि हसायचं शेवटी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. येत होतं त्यापेक्षा थोडं जास्तच शिकवायचो! मामा आष्ट्याचे. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, रानात ऊस आणि डोक्यात नाटक. त्या वर्षी त्यांनी परग्रहावरच्या राजाचं नाटक लिहिलं. राजा अर्थात स्वतःच.

"गड्या, गेल्या साली आमचा परग्रहवाला हिंदीत बोलला, तर मानसं पोट धरून हसली. औंदा निराळी भाषा पायजे. तुजा कॉम्प्युटर कवा कामाला येनार?"

"आवं मामा, पण अर्थ काय ठेवायचा?"

"अर्थ कशाला? कुनाला कळतोय? भाषा वाटली म्हंजे बास!"

मामांना नाही म्हणणं शक्यच नव्हतं. कारण सुनंदा, मामांची मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीसाठी पहिला मान भाच्याचा. पण मान मागायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं काही उघडत नव्हतं. त्यात येत्या रविवारी कराडचा एक बँकवाला तिला बघायला येणार होता!

तर मी प्रोग्रॅम लिहिला. मराठी मजकूर घालायचा, नियमांनी अक्षरं बदलायची. क चा ख, ख चा ग, असं करत शेवटच्या अक्षराचा परत क. आणि मजकूर? कुणाला कळणारच नव्हतं, मग मामांना सांगायची छाती होत नव्हती ते सगळं राजाच्या तोंडी घातलं.

पहिला कागद मामांनी तालमीत वाचला. "काका के का कू का…" ते थांबले. "आरं, ही परग्रहावरची मानसं हायत का कावळं?"

झालं होतं असं, की नियम एकापाठोपाठ चालत होते. क चा ख झाला रे झाला, की पुढचा नियम त्याला धरून ग करायचा. असं ढकलत ढकलत सगळी अक्षरं शेवटी क वर येऊन बसली!

मग मी डोकं चालवलं. आधी अक्षराच्या जागी आकडा, मग आकड्याच्या जागी पुढचं अक्षर. शनिवारी दुपारी दुरुस्ती केली, एसटी चुकत होती, प्रिंट काढली आणि पळालो. वाचली का? अहो, परग्रहाची भाषा कोण वाचून तपासतो!

शाळेच्या खोलीत दहा-बारा नट. वही धरून सुनंदा. मामांनी चष्मा लावला, छाती काढली आणि राजाच्या आवाजात गरजले, "मामा! सुनंदाला बाहेरचं स्थळ बघू नका! मी आहे ना! त्या बँकवाल्याला कराडलाच थांबवा! तुमच्या मिशा बघून माझी बोबडी वळते, म्हणून…"

मिशांपर्यंत आल्यावर त्यांचा हात हवेतच राहिला.

आकड्याच्या जागी पुढचं अक्षर द्यायचं, ते घाईत मी मूळचंच दिलं होतं. माझी भाषा परग्रहावर जाऊन सुखरूप आष्ट्याला परत आली होती!

मामांनी चष्मा काढला. आता चप्पल निघणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"दोन वर्सं तुज्या तोंडाकडं बघतोय मी," ते म्हणाले. "भाचा आज इचारंल, उद्या इचारंल. वाटलं, सांगलीला गेलास आन आमी नकोसं झालो." मला फार वाईट वाटलं हो. एवढ्या मोठ्या माणसाला मी उगाच वाट बघायला लावली होती.

"आता सरळ तोंडानं सांग. सुनंदा पायजे का न्हाई?"

मी उभा राहिलो. सगळी तालीम माझ्याकडे बघतेय, सुनंदा माझ्याकडे बघतेय. मी तोंड उघडलं, आणि घशातून काय निघावं?

"क… का… क…"

सुनंदाने वही मिटली.

"आबा, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्यांचा पयला कागद परत सुरू झालाय. पायजे म्हनत्यात ते. आन मला बी."