गवती चहाच्या काड्या

पप्पा गेले त्यानंतर आमच्या घरात भात उरायला लागला. घरात माणसं दोनच, आई आणि मी, पण आई तांदूळ तिघांचे घ्यायची. मी एकदा विचारलं, "कुणासाठी गं एवढा?" तर म्हणाली, "उद्या फोडणी देऊ." फोडणीचा भात खाऊन खाऊन माझा जीव विटला, पण त्यापुढे विचारायची छाती झाली नाही. संध्याकाळी, पप्पांची कंपनीची बस यायच्या वेळी, खालच्या गेटची कडी वाजली की तिची मान वर व्हायची. माझी व्हायची नाही. मी तिच्या मानेकडेच बघत बसायची.

भुताखेतांना आमच्या घरात थारा नाही, हे आधी सांगितलेलं बरं. आम्ही बौद्ध. पप्पा भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून पुढे चाकणच्या कंपनीत फिटर झाले होते. कुणाच्या दहाव्याला गेले आणि तिथे कावळ्यासाठी घास ठेवलेला दिसला, की त्यांची जीभ वळवळायला लागायची. "मेलेला माणूस जेवायला येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रडणाऱ्या बायकांसमोरही म्हणायचे. आई कोपरानं ढोसायची, पण गप्प बसतील तर ते पप्पा कसले.

या माणसाला कंपनीनं काही महिने थायलंडला पाठवलं, मशिनी बसवायला. बुद्धाचा देश म्हणून स्वारी हरखून गेली. परत आले ते एक गोष्ट घेऊन, आणि ती आम्हाला इतक्यांदा ऐकवली की पाठच झाली. कारखान्याबाहेर फुटपाथवर एक म्हातारी आंबट सूप विकायची. प्लास्टिकची स्टुलं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागायचे. पहिल्या दिवशी पप्पांनी वाडग्यातलं सगळं खाल्लं. कोळंबी खाल्ली, मशरूम खाल्ले, आणि नुसत्या वासासाठी घातलेल्या गवती चहाच्या जाड काड्या, लिंबाची पानं, आल्याच्या लाकडासारख्या चकत्या, तेही चावून चावून गिळलं. ताटात टाकायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणीच अंगात भिनवतात. म्हातारी हसून बेजार झाली. "टाकायचं कसं?" पप्पा तिला मराठीतच विचारत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती वाडगं पुढे करायच्या आधी काड्या स्वतः वेचून काढायला लागली.

तिची एकच गोष्ट त्यांना खटकायची. गाडीशेजारी एका खांबावर, जागेच्या राखणदारासाठी म्हणून, बाहुलीचं असावं तेवढं घर होतं, आणि रोजचं पहिलं वाडगं ती त्याच्यापुढे ठेवायची, सोबत लाल सरबत. "बुद्धाच्या देशात भुताला सरबत," म्हणून पप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे.

साथीच्या दिवसांत त्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा आत कुणालाच सोडत नव्हते. डबा गेटवर द्यायचा आणि मागं फिरायचं. शेवटच्या फोनवर त्यांना धाप लागत होती. म्हणाले, "तोंडाला चवच नाही गं. ते आंबट सूप कुठं मिळतंय का बघ." आई म्हणाली, "घरी या, मग बघू." ते घरी आले नाहीत. शेवटचा डबा त्यांच्या हातात पडला का, त्यातलं काही पोटात गेलं का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आलेल्या चार माणसांना आईनं जेवू घातलं. पुढे एकदा भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "उपाशी गेलं माणूस." तेव्हा मला त्या तिसऱ्या वाट्याच्या तांदळाचा अर्थ लागला. खरं सांगते, त्यानंतर स्वयंपाकघरात एकटीनं जायची मला भीती वाटायला लागली.

मागच्या वर्षी आमच्या रहाटणीच्या गल्लीच्या तोंडाशी थाई सूपची गाडी लागली. मालक लातूरकडचा, बँकॉकच्या हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याला खरं तर वाकडला गाडी लावायची होती, आयटीवाल्यांसाठी, पण तिथं जागा मिळाली नाही. तो पातेल्याचं झाकण काढायचा तेव्हा वास थेट आमच्या दुसऱ्या मजल्यावर यायचा. गवती चहा आमच्याही कुंडीत आहे, रोज चहात पडतो. पण हा वास चहाचा नव्हता, पप्पांच्या गोष्टीतला होता. आई उठून खिडकी लावायची. एका संध्याकाळी मी वैतागले. म्हटलं, "किती दिवस खिडक्या लावणार? चल खाली." काय मनात आलं कोण जाणे, ती निमूट आली.

गाडीच्या कोपऱ्यावर एक भरलेलं वाडगं वाफाळत होतं. शेजारी लाल सरबताचा ग्लास. समोर कुणी नव्हतं.

"हे कुणाचं?" आईनं विचारलं.

"जागेच्या धन्याचं, काकू. तिकडं पहिलं वाडगं असंच ठिवतेत. मला बी सवय लागली."

"मेलेला माणूस जेवायला येत नाही," आई म्हणाली. शब्द पप्पांचे, ठसकाही पप्पांचा.

तो चिडला नाही. "न्हाईच येत. म्हणून वाफ गेली की जे पहिलं उपाशी माणूस येईल त्याला देतो. अन्न वाया घालवीत न्हाई मी."

आईचं सूप पुढ्यात गार झालं. तिनं चमचा उचलला नाही. ती त्या कोपऱ्यातल्या वाडग्याकडे बघत होती. त्यानंतर आम्ही अधूनमधून जायला लागलो. कधी सोसायटीचा वॉचमन, कधी रंगकाम करणारा, कधी रिक्षावाला, ते वाडगं कुणाला ना कुणाला मिळायचं. खाणाऱ्याचा शेवटचा घास होईपर्यंत आई हलायची नाही. माझं मात्र सगळं लक्ष ते खाऊन कोण उठतंय यापेक्षा ते खायला कोण येतंय याकडे असायचं. बुद्धीला पटत नसलं तरी डोळे ऐकत नव्हते.

मग एक दिवस चाकणची कंपनी बस थांबली आणि पन्नाशीचा एक माणूस उतरला. निळा युनिफॉर्म, दोन्ही खांदे पुढे आलेले. स्टुलावर टेकला. मालकानं कोपऱ्यातलं वाडगं गरम करून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं आधी रस्सा भुरकला आणि मग काहीतरी करकरा चावायला लागला. मी वळून बघितलं. तो गवती चहाच्या काड्या चावत होता. ओठ आंबटानं मुडपलेले, डोळ्यांत पाणी, पण चावत होता.

आई उठली. मी तिचा पदर धरणार होते, पण हातच उचलला नाही.

"अहो, काड्या खायच्या नसतात त्या," ती म्हणाली. तिचा हा रागे भरायचा आवाज मी पप्पा गेल्यापासून ऐकला नव्हता.

त्यानं ओशाळून वर बघितलं. "ताटात आलेलं टाकायचं कसं, मावशी?"

आई त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. परक्या माणसाच्या उष्ट्या वाडग्यात तिनं बोटं घातली आणि एकेक काडी, एकेक पान वेचून गाडीवरच्या एका झाकणात ठेवलं. तो इतका दमलेला होता की त्यानं तिला वेचू दिलं. मग वाडगं त्याच्यापुढे सरकवून ती म्हणाली, "आता खा." त्यानं तळापर्यंत खाल्लं.

"पोट भरलं का?"

"भरलं, मावशी."

"नक्की?"

"लई भरलं."

आई परत आमच्या टेबलाशी आली आणि तिचं गार झालेलं सूप तिनं एका दमात संपवलं. घरी जाताना जिन्यात एकदा थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "भरलं म्हणाला."

दुसऱ्या दिवशी तिनं तांदूळ दोघींचेच घेतले. भात उरला नाही. ज्या भाताला मी इतकी कंटाळले होते त्याचं रिकामं पातेलं बघून मला हुंदका आला. तिनं जणू पप्पांनाच स्वतःच्या हातानं वाढलं, तिला उत्तर मिळालं. मी टेबलाशी नुसती बसून राहिले होते. आता संध्याकाळी गेटची कडी वाजते तेव्हा आई भाजी ढवळत असते, आणि मान माझी वर होते.